बाबांच्या घराची ४० टक्के सवलत

आमची आणि शेजारच्या काकूंची सदनिका मापाला सारखीच. एकाच मजल्यावरची, एकाच वर्षी घेतलेली. तरी बाबांचं मिळकतकराचं बिल जवळपास वीस हजारांचं आणि काकूंचं बारा हजारांचं. दोन्ही बिलं शेजारी ठेवून ओळीने वाचली तेव्हा फरक सापडला: काकूंच्या बिलात स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत होती, आमच्यात नव्हती.

पुण्यात ही सवलत १९७०पासूनची. वार्षिक करपात्र रक्कमच तेवढी कमी धरतात, म्हणून बिलात एवढा फरक पडतो. शहरातल्या मिळकतींची पाहणी झाली त्या काळात आई-बाबा भावाकडे नाशिकला होते आणि कोथरूडच्या घरात भाडेकरू. तेव्हा सवलत काढली गेली ती योग्यच होती. पण ते परत येऊन राहू लागले हे कळवायचं आमच्याकडून राहून गेलं.

२०२३मध्ये सवलत पुन्हा मिळवण्यासाठी महापालिकेचे पीटी-३ नावाचे अर्ज सुरू झाले. शुल्क २५ रुपये. अर्ज सोपा आहे, खरं काम पुराव्यांचं. सोसायटीचं पत्र आणि त्या पत्त्याचं मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, रेशनकार्ड किंवा गॅस कार्ड असं काहीतरी लागतं. पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रतही.

बाबांचं आधार नाशिकच्या पत्त्यावर गेलेलं. बाबा हिरमुसले, म्हणाले, "राहू दे, भरू आपण." मला ते पटेना. निवृत्तिवेतनातून दरवर्षी जाणारे आठ हजार थोडे नाहीत. शेवटी आईच्या कप्प्यातून जुनं रेशनकार्ड आणि दोघांची मतदार ओळखपत्रं निघाली, सगळ्यांवर कोथरूडचाच पत्ता.

सोसायटीचं पत्र मात्र दोनदा आणावं लागलं. पहिल्यात 'सदर व्यक्ती सभासद आहेत' एवढंच होतं. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे समजावलं, "सभासद तर भाडेकरू ठेवणाराही असतो. 'स्वतः राहतात' हे शब्द हवेत." सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी नवीन पत्र दिलं. तुम्ही पत्र मागाल तेव्हा हे दोन शब्द आधीच सांगा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि ती बिलांच्या फाइलमध्येच ठेवा.

पुढे खरंच राहतो का हे पाहायला महापालिकेचे पेठ निरीक्षक घरी आले. आईने चहा टाकला, पण ते थांबले नाहीत. स्वयंपाकघर, देवघर पाहिलं, बाबांशी दोन शब्द बोलले, नोंद केली आणि गेले.

पुढच्या मे महिन्यात बिल आलं. आईने चष्मा लावून सवलतीचा आकडा दोनदा वाचला आणि बिल घेऊन काकूंकडे गेली.