फुस्स

.22 रायफलची गोळी सुटते तेव्हा रेंजवर कोरडा, छोटासा 'ठप' असा आवाज होतो. कानावर मफ्स असले तरी तो कळतोच. त्या शनिवारी वरळीच्या रेंजवर सहा नंबरच्या लेनवरून मात्र 'फुस्स' आलं, सोड्याची बाटली कुणी दमानं उघडावी तसं. मी चहाचा ग्लास खाली टेकवला आणि ओरडलो, "स्टॉप! काडतूस खाली ठेव!"

मुलीनं काडतूस आत सरकवणारा बोल्ट मागे ओढला होता, रिकामं कवच चटईवर पडलं होतं आणि पुढचं काडतूस तिच्या चिमटीत होतं. अजून दोन सेकंद गेले असते तर ते आत गेलं असतं. नळी रेंजच्या दिशेलाच ठेवायला सांगून मी तिच्या शेजारी गुडघ्यावर बसलो. तिला वाटलं, नेम साफ चुकला, म्हणूनच कागदावर भोक दिसत नाहीये. तिचे वडील मागे प्लास्टिकच्या खुर्चीत वही उघडून बसले होते. त्यांनी त्या रकान्यात शून्य लिहूनही टाकलं होतं.

या काकांबद्दल आधी सांगायला हवं. ते बेस्टमधले निवृत्त कंडक्टर. पॅरिसला 2024 मध्ये स्वप्निल कुसाळेनं 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हा काकांनी मला ऐकवलं होतं, "सर, रेल्वेच्या टीसीनं मेडल आणलं. मग बेस्टच्या कंडक्टरची पोरगी काय कमी आहे?" मुलगी बावीस वर्षांची, तोवर क्लबच्या रायफलीवर सराव करायची. परवान्याचे सोपस्कार झाले, फंडातले पैसे निघाले आणि एका जुन्या नेमबाजाकडची बोल्ट-ॲक्शन .22 तिच्या परवान्यावर चढली. पहिली स्वतःची रायफल. तिच्या पेटीला काकूंनी हळदीकुंकूसुद्धा लावलं.

रायफल एकदाच घ्यायची असते, गोळ्या मात्र रोज लागतात. मॅचमध्ये 60, शिवाय सायटर, म्हणजे मॅचआधी नेम जुळवायच्या गोळ्या, वेगळ्या. आठवड्यातून चार दिवस सराव धरला तर हिशेब कुठच्या कुठे जातो. काकांनी तो केला होता, अगदी वेबिल भरावं तसा, आणि मला न विचारता दुकानातली सगळ्यात स्वस्त 500 काडतुसं आणली होती. त्याचा मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण मी बजावलं, "काका, नळीला विचारल्याशिवाय एकदम एवढा माल घेऊ नका." म्हणून तो शनिवार. चार प्रकारच्या गोळ्या, प्रत्येकीच्या दहा, वाळूच्या पिशवीवर टेकवून, 50 मीटरवर.

काकांच्या गोळ्या पहिल्या लावल्या. खोक्यावर 'हाय व्हेलॉसिटी' छापलेलं, त्यामुळे काकांना त्या जास्त दमदार वाटत होत्या. कागदावर इथेच घोडं पेंड खातं. आपल्या उकाड्यात आवाजाचा वेग सेकंदाला 350 मीटरच्या आसपास असतो. ही गोळी नळीतून त्याहून वेगात निघते आणि वाटेत त्याच्या खाली येते, तेव्हा डचमळते. मॅचच्या गोळ्या मुद्दामच 325-330 च्या घरात ठेवतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेग एकसारखा हवा. एका गोळीत आणि दुसरीत सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला, तर 50 मीटरवर ती साधारण 7 मिलिमीटर वर-खाली जाते. दहा गुणांचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटरचं. मुलीनं श्वास कितीही छान धरला तरी ही चूक तिच्या हातात नाही. सहा गोळ्यांत ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा घोळका, 38 मिलिमीटर पसरला होता. सातवी फुसकी निघाली.

बोल्ट पूर्ण काढून घेतला आणि मागून मोबाईलचा टॉर्च मारला. नळीच्या दुसऱ्या टोकाला उजेडाचा गोल दिसायला हवा होता, तिथे अंधार. रिमफायर काडतुसाच्या कडेला जो मसाला असतो तो पेटला होता, पण आतली दारू एक तर नीट पेटलीच नव्हती किंवा भरलीच नव्हती. मसाल्याच्या धक्क्यानं शिसं चार बोटं पुढे सरकलं आणि तिथेच रुतलं. काडतूस बसतं ते चेंबर मोकळं, त्यामुळे पुढचं काडतूस सहज आत बसलं असतं. आणि ते उडालं असतं तर नळीला आतून फुगवटा आला असता, फंडाच्या पैशांची नळी कायमची वाया. डोळ्याशेजारी काय झालं असतं, ते काकांपुढे मी बोललो नाही.

तेलाचा थेंब, पितळी रॉड, लाकडी हातोडी. नळीच्या तोंडाच्या कडेला ओरखडा जाऊ नये म्हणून तिथे गाईड बसवला. चार-पाच हलक्या टोल्यांनंतर शिसं मागच्या बाजूनं टपकन माझ्या तळहातावर पडलं. राखाडी, अजून मेणचट, अंगावर नळीच्या आट्यांच्या तिरक्या रेघा. मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, तो शून्य खोडा. मी चुकले नव्हते."

नळी पुसून, तपासून उरलेले तीन प्रकार लावले. सगळ्यात महागडीनं 16 मिलिमीटर दिलं. तिच्या खालोखाल किमतीच्या गोळीनं 22, याचं मला आश्चर्य वाटलं नाही, नळ्या अशा लहरी असतात. तिसरी, बरीच स्वस्त, क्लबमध्ये पोरं सरावाला वापरतात ती, 17. काकांनी व्हर्नियर माझ्या हातून घेऊन स्वतः पुन्हा मोजलं.

मग आमचा व्यवहार ठरला. तिसऱ्याच गोळ्या घ्यायच्या, पण एकाच लॉट नंबरच्या, म्हणजे कारखान्यातल्या एकाच घाण्याच्या, आणि परवान्यात बसतील तेवढ्या एकदम, कारण लॉट बदलला की ही परीक्षा पुन्हा. सराव आणि मॅच, दोन्हीला त्याच. जिवंत गोळ्या आठवड्यातून दोनच दिवस, बाकी दिवस घरी चेंबरमध्ये रिकामं कवच ठेवून ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय नुसता ट्रिगर दाबायचा सराव. डबा हवाबंद, आत सिलिका जेल. वरळीची हवा लोखंडालाही खाते, दारूचं काय घेऊन बसलात.

"आणि या माझ्या?" काकांनी खोक्याकडे बोट केलं. चारशे नव्वदच्या वर उरल्या होत्या. मी म्हटलं, त्या लॉटमधली एकही आता या नळीत जाणार नाही, बिल घेऊन दुकानदाराशी बोला. ते काही वेळ गप्प बसले. वहीत शून्य खोडून तिथे 'फुस्स' लिहिलं, आणि मग माझ्याकडे ते शिसं मागितलं.

"ड्युटीवर खोटं नाणं आलं की बॅगेत टाकायचो नाही सर. वरच्या खिशात वेगळं." शर्टाच्या खिशात शिसं टाकून त्यांनी त्यावर बोट दाबून पाहिलं आणि विचारलं, तिसऱ्या गोळीचा लॉट नंबर खोक्याच्या कुठल्या बाजूला छापलेला असतो.