नीट रिपीट, तेही घरून: मटेरियल कसं कमी केलं आणि टाइम कसा बसवला

२०२४ च्या नीटला, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेला, मार्क तसे बरे होते पण रँकनी वाट लावली. त्या वर्षी पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० पडले होते, यावरून खाली किती गर्दी असेल बघा. ओपनमधून सरकारी एमबीबीएस काही होत नव्हतं आणि प्रायव्हेटची फी पप्पांना विचारायचीसुद्धा सोय नव्हती. मग रिपीट. लातूरला रूम, मेस, क्लास हे सगळं परत नको म्हणून अंबाजोगाईतच राहिले, एक अभ्यासिका लावली आणि क्लासची फक्त टेस्ट सिरीज घेतली. घरून कसं जमवलं असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात आधी पसारा आवरला, आणि खरं सांगू का, निम्मं काम तिथंच झालं. मावसभाऊ राजस्थानात कोट्याला क्लासला होता त्याची मॉड्यूल (क्लासची छापील पुस्तकं), ताईची बालभारतीची पुस्तकं, एनसीईआरटी (सीबीएसईची पुस्तकं) जुनी पण आणि नवी पण, डीपीपी म्हणजे रोजच्या सरावाच्या प्रश्नांच्या झेरॉक्स, वर टेलिग्रामवरून उतरवलेल्या पीडीएफ ज्या कोणी उघडत नाही. मी एकच नियम ठेवला, प्रत्येक विषयाला वाचायला एक आणि सोडवायला एक, तिसरं काहीही आलं तरी पलंगाखाली. बायोला एनसीईआरटी, अकरावीचे १९ आणि बारावीचे १३ असे ३२ चॅप्टर, आणि सोडवायला मागच्या वर्षांचे पेपर. फिजिक्सला मावसभावाचं मॉड्यूल. केमिस्ट्रीत इनऑरगॅनिक आणि ऑरगॅनिक एनसीईआरटीतून, फिजिकलची गणितं मॉड्यूलमधून. बालभारती बोर्डाला आणि सीईटीला लागते, मला बोर्ड परत द्यायचं नव्हतं त्यामुळे ती ताईला परत.

पण पुस्तक ठरवलं म्हणजे झालं असं नाही, इथं एक गोची आहे. २०२४ पासून एनएमसीनी (नॅशनल मेडिकल कमिशन) ठरवलेला नीटचा सिलॅबस बदललाय. जुन्या मॉड्यूलमध्ये सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, डायजेशन, एन्व्हायर्नमेंटल इश्यूज हे सगळं आहे, ते आता नाही, म्हणजे जुनं मटेरियल जसंच्या तसं घेऊन बसलं की दोन आठवडे सहज पाण्यात. आणि उलटंही आहे, बारावी केमिस्ट्रीच्या नव्या एनसीईआरटीतून पी ब्लॉक हा चॅप्टर काढलाय पण नीटच्या सिलॅबसमध्ये तो आहे! मी जुन्या पुस्तकातली तेवढी पानं झेरॉक्स काढून नव्या पुस्तकात मध्येच चिकटवली. सॉल्ट अ‍ॅनालिसिसचं पण तेच, ते प्रॅक्टिकलच्या पुस्तकातून. सिलॅबसची प्रिंट भिंतीला लावली होती आणि चॅप्टर सुरू करायच्या आधी त्यावर बोट ठेवून बघायचे की हे आहे ना नक्की.

वेगळ्या नोट्स काढल्याच नाहीत. चार रंगांच्या पेननी नोट्स काढणाऱ्या मैत्रिणींचं मला कौतुक आहे पण मे महिन्यात त्या वह्या वाचायला वेळ कुणाला मिळतो. जे सुचेल ते एनसीईआरटीच्याच मार्जिनमध्ये पेन्सिलनी. वही एकच, टेस्टमध्ये चुकलेल्या प्रश्नांची, त्यात चॅप्टर आणि चुकण्याचं कारण: येतच नव्हतं, की गणितात घसरलं, की प्रश्नच नीट वाचला नाही. दिवाळीपर्यंत त्यातून कळलं की बायोत माझे मार्क ज्ञानामुळे जात नव्हते, 'चुकीचे विधान कोणते' मधलं 'चुकीचे' डोळ्यांखालून निसटत होतं. मग तो शब्द दिसला की पेननी गोल, डोकं चालो न चालो हात चालला पाहिजे.

टाइमटेबल तासांचं नव्हतं. बारा तास चौदा तास हे आकडे सांगायला बरे असतात. मी फेऱ्या धरल्या, पहिली फेरी दिवाळीपर्यंत, दुसरी जानेवारीअखेर, त्यानंतर फक्त उजळणी आणि पेपर. रविवारी टेस्ट, सोमवारी नवीन काहीच नाही, फक्त कालचा पेपर फाडून बघायचा. शनिवार मुद्दाम मोकळा, कारण आठवड्यात काही ना काही राहतंच, आमच्याकडे गौरी-गणपती आहेत, चुलत बहिणीचं लग्न होतं, आईला 'मी रिपीटर आहे, येत नाही' म्हणून चालत नाही. ते दिवस आधीच धरले होते म्हणून नंतर चिडचिड झाली नाही.

आणि मग जानेवारी २०२५ मध्ये परीक्षा घेणाऱ्या एनटीएनी पॅटर्नच बदलला. आधी २०० प्रश्न, त्यातले १८० सोडवायचे, वेळ २०० मिनिटं. आता १८० प्रश्न, ऑप्शन नाही, १८० मिनिटं. म्हणजे ओएमआर (गोळे भरायची उत्तरपत्रिका) भरण्यासकट प्रश्नाला एक मिनिट. माझा सगळा हिशोब जुन्या वेळेवर बसलेला! दोन दिवस नुसती घड्याळाकडे बघत होते. मग नवीन बसवला, बायोचे ९० प्रश्न ४५ मिनिटांत, केमिस्ट्री ५०, फिजिक्स ६५, उरलेली २० गोळे भरायला आणि सोडलेल्यांवर परत यायला. गोळे शेवटी एकदम नाही, एक विषय झाला की भरायचे. साध्या बॉलपेननी सराव केला कारण सेंटरवर बॉलपेनच देतात आणि भरलेला गोळा पुसता येत नाही. मॉक दुपारी दोनलाच लावायचे, पेपर दोन ते पाच असतो आणि एप्रिलमध्ये आमच्याकडे त्या वेळेला लाइट गेलेली, डोळे मिटायला आलेले, तिथं मेंदू चालतो का हेच बघायचं होतं. पहिले काही मॉक अगदी झोपेत गेले, नंतर सवय झाली.

४ मे ला फिजिक्स असं काही आलं की उघडल्यावर पोटात गोळा. पण बायो आणि केमिस्ट्री तोवर भरून झालं होतं, त्यामुळे ६५ मिनिटांत जेवढं होईल तेवढं केलं आणि बाकीचं सरळ सोडलं, एका चुकीला एक मार्क जातो, तुक्के मारायची हिंमत नव्हती. बाहेर पोरी रडत होत्या. १४ जूनला निकाल लागला तर देशात पहिल्या आलेल्यालाच ६८६, म्हणजे सगळ्यांचेच उतरलेले. माझे मार्क आदल्या वर्षीपेक्षा कमी आणि रँक खूप वर, घरी हे समजावून सांगायलाच अर्धा तास गेला. आजी अजून म्हणते, कमी पडले तर पेढे कशाला.

सीट सरकारीच मिळाली, ८५ टक्के स्टेट कोट्यातून. जे आता देणार आहेत त्यांनी एक करा, डोमिसाइल, नॅशनॅलिटी आणि ज्यांना लागू आहे त्यांनी कास्ट व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेयर हे निकालाच्या आधीच काढून फाइलला लावा. निकालानंतर तहसीलला जी रांग असते ना, तिथं माझ्यापुढं एक मुलगा मार्क असून रडकुंडीला आला होता.