पाच मीटरची रुंदी

मी मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची प्रशिक्षक. सात वर्षं आमचा सराव मुलांचा सराव संपल्यावर सुरू व्हायचा आणि त्यातली पहिली काही मिनिटं जाळी उतरवण्यात जायची. मुलांची जाळी २.४३ मीटरवर, मुलींची २.२४ वर. फरक १९ सेंटिमीटरचाच, पण त्यासाठी दोर सैल करा, जाळी पुन्हा ताणून बांधा, मधोमध पट्टी धरून मोजा. सर्व्हिसला हात गरम होतोय तोवर बास्केटबॉलच्या मुली दाराशी येऊन उभ्या.

महाविद्यालयाकडे मुलींसाठी वेगळा सराव हॉल मागितला तेव्हा पहिल्या अर्जात मी 'अन्याय' हा शब्द तीनदा लिहिला होता. अर्ज फायलीत गेला. मग मी वही ठेवली. कोर्ट किती वाजता मिळालं, पहिली सर्व्हिस कधी झाली, कधी बाहेर पडलो, रोज लिहायचं. बास्केटबॉलच्या प्रशिक्षक ताईंनीही तशीच वही ठेवली. दोन महिन्यांनी दोन्ही वह्या बैठकीत ठेवल्या. 'कशाला हवा?' हा प्रश्न त्यानंतर कुणी विचारला नाही. 'केवढा हवा?' असं विचारू लागले.

खरं काम तिथून पुढे होतं. पहिला नकाशा आला ३२ बाय १९ मीटरचा. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५, भोवती दोन-दोन मीटर मोकळी जागा. नकाशा काढणाऱ्यांच्या दृष्टीने हिशोब चोख होता. पण व्हॉलीबॉलचं कोर्ट १८ बाय ९ असतं आणि चारही बाजूंना किमान ३ मीटर लागतात. म्हणजे २४ बाय १५. त्या हॉलमध्ये ते लांबीच्या दिशेने एकच बसत होतं. आडवी घातली तर दोन कोर्ट शेजारी-शेजारी बसतात, कारण १५ आणि १५ मिळून ३० आणि लांबी ३२ आहेच. फक्त रुंदी १९ ऐवजी २४ हवी.

पाच मीटर. ते कागदावर कुणाला पटेना. मग मी मैदानात दोरीने १९ मीटरवर 'भिंत' आखली, मध्ये आडवं कोर्ट आखलं आणि समितीसमोर मुलींना खेळायला लावलं. पहिल्याच लांब सर्व्हिसला आमची लिबेरो, म्हणजे मागे राहून चेंडू वाचवणारी खेळाडू, मागे धावली आणि दोरी पार करून बरीच पुढे जाऊन थांबली. वास्तुविशारद स्वतः टेप घेऊन उठले.

उंचीचं असंच झालं. नकाशात ७ मीटर लिहिलं होतं, पण ते छतापर्यंत. नियमातले ७ मीटर अडथळ्याविना हवेत, म्हणजे दिवे आणि हवेचे पाइप त्याच्याही वर. दिव्यांची रांगही जाळीच्या बरोबर वरून बाजूला घ्यायला सांगितली. वर बघून सेट देणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत दिवा आला की चेंडू दिसतच नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते थांबणं. लाकडी तळ हवा याबाबत मी हटून बसले होते. उडीवरून उतरताना गुडघ्याचा एसीएल लिगामेंट, म्हणजे सांधा आतून धरून ठेवणारा पट्टा, फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे. निव्वळ तळामुळे ते टळत नाही, पण दिवसाला शंभर उड्या मारणाऱ्या पायांना काँक्रीटवर चिकटवलेल्या पातळ थरापेक्षा लवचीक तळ हवाच. अडचण अशी की खालचं काँक्रीट पूर्ण वाळल्याशिवाय लाकूड घालता येत नाही. ढोबळ हिशोब आहे, दर २५ मिलिमीटर जाडीला एक महिना. आमचा थर १०० मिलिमीटरचा. स्पर्धा तोंडावर आल्या होत्या, भिंती-छत तयार होतं, आणि मुली रोज विचारायच्या, ''मॅडम, आता तरी?'' ओलावा मोजला, जास्त निघाला, आणखी तीन आठवडे गेले. तेव्हा मी ठेकेदारांच्या बाजूने उभी राहिले याचा काही मुलींना राग आला होता. फळ्या पुढे फुगून उचलल्या गेल्या असत्या तर पुन्हा सगळं उखडावं लागलं असतं.

भांडारखोली मात्र लहानच राहिली. चेंडूंच्या गाड्या अजून दारामागे उभ्या असतात.

पहिल्या सरावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेले. सवयीने पट्टी घेऊन जाळीच्या मधोमध उभी राहिले. २.२४. आदल्या संध्याकाळी सोडली होती तिथेच होती.