ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

लग्नकार्य असो की इथल्या, इंदूरच्या रामबागेतलं हळदीकुंकू, एक प्रश्न मला हमखास येतो. ‘बस्तीतल्या मुलींना कॉम्प्युटर शिकवता, ते छानच. पण त्यातल्या किती जणींना नोकरी लागते?’ परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

लागते, पण सगळ्यांना नाही. आपल्या मध्य प्रदेशात सरकारी कचेरीत डाटा एन्ट्रीचं काम हवं असेल तर सीपीसीटी ही राज्याची कॉम्प्युटर प्रावीण्य परीक्षा द्यावी लागते. कॉम्प्युटर, गणित, सामान्य ज्ञान वगैरेंचे ७५ प्रश्न, शिवाय इंग्रजी आणि हिंदी टायपिंग. हिंदीसाठी आमच्या मुली इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड शिकतात : डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. एकदा एकीने शिफ्ट धरून ‘ल’ची कळ दाबली आणि पडद्यावर ‘ळ’ उमटला. ‘दीदी, ये कौन-सा अक्षर है?’ मी उच्चार करून दाखवला. ती म्हणाली, असं तर आमची दादी बोलते! घरच्या माळवी बोलीत तो रोज कानावर पडायचा, शाळेच्या हिंदीत लिहायला कधी मिळाला नव्हता. त्या दिवशी तिने ‘काळो’ हा एकच शब्द ओळभर टाइप केला. मराठी माणसाला ‘ळ’चं काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको.

पण नोकरी पुढची गोष्ट. मी आधी दुसरंच पाहते.

वर्गात नवी मुलगी आली की मी तिचा मोबाइल नंबर विचारते. उत्तर येतं, भैयाचा लिहा. किंवा पापांचा, चाचांचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३३ टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं, पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी. स्वतः वापरते असा मोबाइल ५४ टक्के बायकांकडे होता. घरात फोन असतो हो, पण तो हिच्या हातात किती वेळ असतो?

आता शिष्यवृत्तीचा अर्ज घ्या. तो भरतो कियोस्कवाला, म्हणजे पैसे घेऊन ऑनलाइन अर्ज भरून देणारा दुकानदार. ईमेल त्याने काढलेला, पासवर्ड त्याच्या वहीत, नंबर भावाचा. भाऊ पीथमपूरला कारखान्यात, फोन बाहेर जमा. ओटीपी येतो आणि मुदत संपून वाया जातो. आमच्या एका मुलीचं दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण असंच राहिलं : भावाने सिम बदललं होतं आणि कियोस्कवाल्याची वही सापडेना. मुलगी अभ्यासात हुशार, कागद सगळे खरे, आणि पैसे गेले. ती रडली नाही. ‘ऐसा ही होता है,’ म्हणाली. मला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं.

तेव्हापासून माझ्या वर्गात पहिला धडा स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा पासवर्ड. मुली पासवर्ड टाकतात तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. बहिणीशी ओढणीसुद्धा वाटून घेणाऱ्या मुली त्या. कुणालाही न सांगण्याजोगं काही आपलं असू शकतं, हेच त्यांना नवं असतं. एकीची आई वर्गात येऊन रागावली, लड़की घर से क्या छुपा रही है? तिची चिंता खोटी नव्हती. मी तिला शेजारी बसवून घेतलं. मुलीने तिच्यासमोर समग्र आयडीची, म्हणजे राज्य सरकारच्या ओळख क्रमांकाची, ई-केवायसी (ऑनलाइन ओळख-पडताळणी) करून दाखवली. एरवी तिला त्यासाठी अर्धी मजुरी बुडवून रांगेत थांबावं लागलं असतं.

दुसरा आवडता धडा अगदी साधा : फोटो ५० केबीच्या आत बसवणं. एवढ्यासाठी कियोस्कवर पैसे मोजावे लागतात. एकदा शिकल्या की अख्ख्या गल्लीचे फोटो लहान करत बसतात. इंदूरची हुकुमचंद मिल ही कापड गिरणी बंद पडल्याला तीस वर्षं होऊन गेल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये कामगारांच्या २२४ कोटींच्या थकबाकीचा निकाल लागला. आमच्या एकीचे आजोबा तिथले; ते पाहायला उरले नव्हते. हिने मृत्यूचा दाखला, जुनं ओळखपत्र, आजीचं पासबुक असं सगळं स्कॅन करून एकच पीडीएफ केली आणि फाइलला नाव दिलं ‘दादाजी’. घरातल्या मोठ्यांनी मग हिला विचारल्याशिवाय कुठल्या कागदावर अंगठा उठवला नाही.

सगळं असंच घडत नाही. लग्न ठरलं की दोन आठवड्यांत मुलगी दिसेनाशी होते. मी फोन करते, तो सासरच्या कुणीतरी उचलतो.

गेल्या महिन्यात शिष्यवृत्तीवाली ती मुलगी आली. अठरा पूर्ण झाल्या झाल्या तिने स्वतःच्या नावावर सिम घेतलं होतं. अर्ज स्वतः भरला, नंबर स्वतःचा टाकला. टेबलावरचा फोन वाजला. तिने तो उचलला आणि हरखून सहाही आकडे मोठ्याने वाचायला लागली.

मी तिला थांबवलं. म्हटलं, मनात वाच. मलासुद्धा सांगायचे नाहीत.