जिंकणारी गाडी विकत मिळायची तेव्हाची गोष्ट

फ्रान्समधल्या ले मान्स गावच्या २४ तासांच्या रेसचा विषय निघाला की हमखास प्रश्न येतो, एन्ट्रीला किती पैसे लागतात? आणि एन्ट्री फी हा त्यातला सगळ्यात किरकोळ खर्च आहे हे सांगितलं की कोणाला खरं वाटत नाही. टायर, ब्रेक, पेट्रोल, जास्तीची इंजिनं, दोन-तीन ड्रायव्हर, रात्रभर जागणारे मेकॅनिक हे सगळं आलंच, पण माझं ठाम मत आहे की जुन्या काळी खरा प्रश्न एकच असायचा, जिंकू शकणारी गाडी विकत मिळते की नाही. मिळत असेल तर खासगी टीमवाले (म्हणजे कार कंपनीच्या स्वतःच्या फॅक्टरी टीमबाहेरचे) कुठून तरी पैसे उभे करायचेच.

१९६९ ची पोर्शे ९१७ घ्या. नियम होता की ५ लिटर इंजिनच्या क्लासमध्ये उतरायचं तर आधी २५ गाड्या बनवून दाखवा, मग पोर्शेने एप्रिलमध्ये फॅक्टरीच्या आवारात २५ च्या २५ गाड्या रांगेत उभ्या करून दाखवल्या आणि किंमत लावली १ लाख ४० हजार जर्मन मार्क. तेवढ्यात रस्त्यावर चालवायच्या दहा-एक पोर्शे ९११ आल्या असत्या, आणि तरी पोर्शेचा डेव्हलपमेंटचा खर्च त्यातून निघत नव्हता. फेरारीलाही मग ५१२ च्या २५ गाड्या कराव्या लागल्या, ते जमलं कारण त्याच वर्षी फियाटने फेरारीचा अर्धा हिस्सा घेतला होता.

ज्याला अशी गाडी परवडत नाही त्याने काय करायचं? ज्याँ राँदो हा ले मान्सचाच माणूस, त्याने स्वतः गाडी बनवायला घेतली आणि पहिला पैसा मिळवला वॉलपेपर बनवणाऱ्या कंपनीकडून, गाडीचं नावच त्या कंपनीचं, इनाल्तेरा. १९७७ नंतर कंपनीने हात काढून घेतला तरी हा थांबला नाही आणि १९८० मध्ये स्वतःचं नाव लावलेली गाडी स्वतः चालवून ले मान्स जिंकला, असं आजवर दुसऱ्या कोणालाही जमलेलं नाही.

पण माझ्या सगळ्यात जवळचा किस्सा १९८५ चा. राइनहोल्ड योस्टची खासगी टीम, पोर्शेकडून विकत घेतलेली ९५६, चॅसी (सांगाडा) नंबर ११७, ह्याच गाडीने १९८४ पण जिंकलेलं. ८४ ला फॅक्टरी टीम पेट्रोलच्या नियमावरून रुसून आलीच नव्हती त्यामुळे लोक म्हणायचे की त्यात काय एवढं, ८५ ला मात्र फॅक्टरीवाले पूर्ण तयारीने आले. तेव्हा ग्रुप सी ह्या रेसिंग गाड्यांच्या वर्गाचा नियम होता की अख्ख्या रेसला २२१० लिटरच पेट्रोल मिळणार, आणि अंतर होतं ५००० किलोमीटरच्या वर, म्हणजे लिटरला जेमतेम सव्वादोनचं अ‍ॅव्हरेज. योस्टची गाडी आणि रिचर्ड लॉइडच्या टीमची ९५६ सुरुवातीचे तास एकमेकींच्या मागे अगदी चिकटून पळाल्या, पुढची हवा कापणार, मागची पेट्रोल वाचवणार, मग जागा बदलायची. योस्ट पहिला, लॉइड दुसरा, फॅक्टरीची गाडी तिसरी!

आणि ड्रायव्हर कोण होते बघा. क्लाउस लुडविग हा पक्का प्रोफेशनल, दुसरा पाओलो बारिला, पास्तावाल्या बारिला घराण्यातला, आणि तिसरा जॉन विंटर, जो खरं तर ब्रेमेनचा लाकडाचा व्यापारी लुई क्रागेस, घरच्यांना कळू नये म्हणून खोट्या नावाने रेस करायचा आणि जिंकल्यावर पेपरात फोटो आला तेव्हा आईला कळलं. श्रीमंत हौशी ड्रायव्हर हा तेव्हाच्या टीमच्या खर्चाचा मोठा आधार होता. काही लोक त्यांना नावं ठेवतात, मला ते अजिबात पटत नाही, ही माणसं नसती तर अर्धी ग्रिड (रेसच्या सुरुवातीची गाड्यांची रांग) उभीच राहिली नसती.

मग हे सगळं मोडलं नियमाने. १९९१ पासून फॉर्म्युला वनसारखी ३.५ लिटरची इंजिनं आणली, फार महाग, फार नाजूक, आणि बनवणार कोण तर मोठ्या कंपन्या. १९९२ ला ले मान्सला जेमतेम २८ गाड्या सुटल्या आणि १९९३ ची ह्या लांब पल्ल्याच्या रेसची वर्ल्ड चॅम्पियनशिप गाड्याच नाहीत म्हणून रद्द झाली. एवढी सुंदर चॅम्पियनशिप दोन वर्षांत संपवली ह्याचा मला आजही राग येतो. पुढे जीटी १ ह्या, रस्त्यावरच्या गाड्यांवर आधारलेल्या वर्गात तोच प्रकार, मर्सिडीज सीएलके जीटीआरचं रस्त्यावर चालवायचं मॉडेल १५ लाख डॉलरच्या वर, म्हणजे रेसवाल्या गाडीचा विचारच सोडा. आणि ह्या सगळ्यात योस्टने काय केलं, तर पोर्शेने अर्ध्यात सोडलेला डब्ल्यूएससी ९५ ह्या रेसिंग गाडीचा प्रोजेक्ट उचलला, मूळ चॅसी जॅग्वारची, इंजिन पोर्शेचं, आणि एकाच गाडीने १९९६ आणि १९९७ दोन्ही जिंकले, ९६ ला तर पोर्शेच्याच नव्या जीटी १ ला हरवून.

आपला करुण चंडोक २०१२ ला ले मान्समध्ये पळणारा पहिला भारतीय ठरला तोही जेआरएम ह्या खासगी टीमकडून, होंडाच्या एचपीडी गाडीत, आणि सहावा आला.

२०२५ ला एएफ कोर्सेची पिवळी फेरारी जिंकली तेव्हा खासगी टीम जिंकली म्हणून सगळे खूश होते, मी पण होतो, पण फॅक्टरीच्या फेरारी सांभाळणारी टीमही तीच, त्यामुळे योस्टच्या पंगतीत मी तिला बसवणार नाही. मला २०२४ ची बेल्जियममधली स्पाची रेस जास्त मोठी वाटते, तिथे जोटा ही खासगी टीम जिंकली ती पोर्शेने साधारण २९ लाख डॉलरला विकायला ठेवलेल्या ९६३ मधून, आणि फॅक्टरीच्या ९६३ तिच्या मागे होत्या.