पुढच्या शाफ्टचा क्रॉस गेला

आजचा आख्खा रविवार जीपखाली. लिफ्ट केल्यापासून, म्हणजे किट टाकून उंची वाढवल्यापासून, साठच्या वर गेलं की खालून गुर्रर आवाज यायचा, सगळे म्हणत होते टायर, टायर, पण पुढचे हब फ्री केले (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवली) की आवाज गायब, म्हणजे पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा, पुढचा शाफ्टच. काढायच्या आधी खडूने खुणा केल्या, कारण दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दोन कानांचे भाग) एका रेषेत बसले नाहीत तर नवा क्रॉस (जॉइंटमधला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) टाकूनही व्हायब्रेशन तसंच. लॉक काढून कप (क्रॉसच्या टोकावरची बेअरिंगची टोपी) ठोकला तर आत ग्रीसचा पत्ता नाही, नुसती तांबूस भुकटी, आणि क्रॉसवर बेअरिंगच्या बारीक सुयांचे चरे इतके की नख अडकतं. गाडी उचलली की शाफ्टचा अँगल वाढतो आणि ट्रान्स्फर केसकडचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीकडचा) जॉइंट आधी मरतो, हे किट विकताना कोणी सांगत नाही. मिस्त्री म्हणाले, "साहेब उंची वाढवलीत, आता ग्रीसगन पण घ्या." नवा क्रॉस व्हाइसमध्ये दाबताना एक सुई आडवी पडली, झालं, परत सगळं काढा. संध्याकाळी हायवेला ऐंशीपर्यंत नेली, गुर्रर बंद. स्प्लाइनला (शाफ्टच्या सरकत्या दातेरी जोडाला) थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे अजून, ते पगार झाल्यावर. डबल कार्डनवाला (एका टोकाला दोन क्रॉसचा जॉइंट असलेला) जुना शाफ्ट कोणाकडे पडून असेल तर इनबॉक्स करा.