पायऱ्यांतल्या तळ्या

उत्तराखंडातल्या टिहरी गढवालमधल्या एका ओढ्यावरच्या घराटात, म्हणजे पाणचक्कीत, मी मोजमापं घेत होतो. जुन्या पाणचक्क्या सुधारायच्या हे आमचं काम, आणि त्याची सुरुवात पाण्यापासूनच होते. गुलेत, म्हणजे चक्कीला पाणी आणणाऱ्या पाटात, काडी सोडून वेग काढला, काटछेद मोजला. सेकंदाला साधारण 60 लिटर पाणी, लाकडी पन्हळीतून 4 मीटर खाली चाकावर आदळणारं. म्हणजे पाण्यात 2.3 किलोवॅटच्या आसपास शक्ती, पण सपाट लाकडी पात्यांवर तिच्यातली बरीचशी उडून वाया जाते. वाकड्या पात्यांचं पोलादी चाक बसवलं की तेवढ्याच पाण्यावर दळण कितीतरी वाढतं. इथवर सगळं नेहमीचं.

पण वरच्या अंगाला एका नळयोजनेसाठी पाणी उचलायचं घाटत होतं. तसं झालं तर उन्हाळ्यात गूल कोरडी. "घराट कधीचं? कागद दाखवा," असं घटवार, म्हणजे चक्की चालवणाऱ्या, बोडाजींना विचारलं गेलं होतं. कागद नव्हता. डोंगरातल्या अशा चक्क्या गावाच्या संमतीने उभ्या राहिल्या. शेजारच्या कुमाऊँ भागात सरकारने पाण्याचे नियम लिहिले ते 1917 साली, आणि 1975 च्या कुमाऊँ-गढवाल जल कायद्याने तर रूढीने चालत आलेले पाण्याचे हक्कच संपवले. लिहिण्यावाचण्याशी कधी संबंध न आलेल्या चक्कीकडे कागद मागणं मला सरळ अन्यायाचं वाटतं.

बोडाजी मला बाहेर घेऊन गेले. ओढ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या दाखवून म्हणाले, "साहेब, हे बघा आमचे कागद."

त्या पायऱ्या म्हणजे झिजून निकामी झालेल्या तळ्या, चक्कीचे गोल दगड, होत्या. मधल्या भोकातली माती उकरली तर वरचा दगड पेलणारी लोखंडी माकडी बसवायची खाच स्पष्ट दिसली. घराटात खालची तळी पक्की बसवलेली असते, वरची फिरते, आणि दळण ठरतं ते वरचीच्या वजनावर. पृष्ठ गुळगुळीत झालं की छिन्नीने टाकी लावायची, आणि दर टाकीला दगड थोडा कमी होतो. असं करत करत तळी हलकी पडते, दाणा नुसता भरडते, पीठ होत नाही. मग ती उतरवायची. आत फिरत असलेली तळी चांगली वीतभर जाड होती. पायऱ्यांतल्या चार-चार बोटांच्या राहिल्या होत्या. एक तळी वीतभरावरून चार बोटांवर यायला माणसाचं अर्धं आयुष्य सहज जातं. वरची पायरी बोडाजींच्या वडिलांनी उतरवलेली, तिच्याखालची आजोबांनी. त्याखालच्या कुणी उतरवल्या हे बोडाजींनाही सांगता येईना.

मग ते मला गुलेच्या काठाने वर घेऊन गेले. एका ठिकाणी गूल अचानक वळण घेते, आणि तिच्या जुन्या रोखात झुडपांआड दगडी चाकखड्डा पडलेला आहे. ओढ्याने पात्र बदललं तेव्हा चक्की इथून खाली हलवली, असं ते म्हणाले. ते पटण्यासारखंच होतं. घराट म्हणजे दगड आणि लाकूड. पूर आला की ते जातं आणि लोक पुन्हा बांधतात. जून 2013 च्या पुरात मंदाकिनीच्या खोऱ्यात अशी कित्येक घराटं वाहून गेली.

चाकाचं काम बाजूला ठेवून मी उरलेला दिवस पायऱ्यांना दिला. प्रत्येक तळीचा व्यास, जाडी, खाचेचा आकार, टाकीच्या रेघा किती शिल्लक, सगळं काढून घेतलं. चाकखड्ड्याचा आणि गुलेच्या वळणाचा नकाशा केला. अहवालात हे सगळं घराटाच्या वयाचा पुरावा म्हणून जोडलं.

आणखी एक गोष्ट ठासून लिहिली. घराट पाणी संपवत नाही. चाकावरून पडलेलं पाणी पन्नास पावलांवर जसंच्या तसं ओढ्यात परततं. नळयोजनेचं गाव बरंच खाली आहे. पाणी या संगमाखालून उचललं तर उंची काही मीटरच कमी होते आणि तरी नळाला दाब पुरतो. तो हिशेब मांडला आणि उचलण्याची जागा नकाशावर खूण करून दाखवली. बोडाजींनी अहवाल वाचून घेतला आणि नव्या चाकाबद्दल एकच अट घातली: तळी आत्ता फिरते त्याहून जोरात फिरता कामा नये, पीठ तापतं.